हुकूम आणि कायदा यांच्यामध्ये उभा शिपाई

जून २०२४मध्ये महाराष्ट्रात पोलीस भरतीची मैदानी चाचणी सुरू झाली, तेव्हा सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आलेले होते. गावाबाहेरच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात घड्याळ लावून धावणारी मुले-मुली याच शर्यतीतली. त्यांतून निवडलेले उमेदवार खंडाळा, जालना, अकोला, तुरची अशा एखाद्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात साधारण नऊ महिने राहतात आणि शिपाई होऊन बाहेर पडतात. भरतीची चर्चा घरोघरी होते, त्या नऊ महिन्यांची मात्र जवळजवळ होत नाही. ती व्हायला हवी. ठाण्याची पायरी चढणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा आधी भेटतो तो शिपाईच.

उजाडायच्या आत पीटी, मग कवायत, शस्त्रांची हाताळणी, लाठी. हा झाला बाह्यवर्ग. त्यानंतर आंतरवर्ग: कायदा, तपास, पंचनामा, ठाण्यातल्या नोंदवह्या. पहाटेपासून घाम गाळलेले अंग बाकावर टेकले की डोळे मिटू लागतात, आणि नेमके तेव्हाच फळ्यावर अटकेची कलमे असतात. मैदानावर एकाचा पाय चुकला तर अख्ख्या तुकडीला रगडा मिळतो, म्हणून मैदान कोणी विसरत नाही. वर्गात निसटलेल्या कलमाची शिक्षा लगेच होत नाही. ती पुढे कधीतरी होते, आणि बहुधा दुसऱ्याच कोणाला तरी भोगावी लागते.

कवायत निरुपयोगी आहे, असे म्हणणे चुकीचे ठरेल. विसर्जनाच्या रात्री किंवा वारीच्या गर्दीत तासन्‌तास पायांवर उभे राहायचे तर अंगात ती शिस्त मुरलेलीच असावी लागते. दगडफेक सुरू असताना हुकमाशिवाय लाठी न उचलणारी तुकडी कवायतीतूनच घडते. वेगवेगळ्या जिल्ह्यांची, वेगवेगळ्या जातींची मुले एका बराकीत राहतात, एका पंगतीत जेवतात, हाही मोठा लाभ आहे.

अडचण पुढे आहे. शिपायाचे बरेचसे काम तुकडीत होत नाही. रात्री दोन वाजता रडत आलेल्या बाईला बसायला सांगायचे की ‘सकाळी या’ म्हणायचे, हे तिथे हजर असलेल्या एकट्याला ठरवायचे असते. आणि कधी कधी हुकूमच बेकायदा असतो.

नोव्हेंबर २००६मध्ये मुंबईत लखनभैया नावाने ओळखला जाणारा रामनारायण गुप्ता पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. ती चकमक बनावट असल्याचा आरोप झाला. आरोपी पोलिसांचे जामीन प्रकरण २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले, तेव्हा न्यायालयाने नाझी युद्धगुन्हेगारांवरच्या न्यूरेम्बर्ग खटल्याचा दाखला देऊन बजावले की, वरिष्ठांचा हुकूम होता ही सबब बनावट चकमकीत चालणार नाही. असा हुकूम नाकारणे हे पोलिसाचे कर्तव्यच आहे. २०१३मध्ये सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांना दोषी धरून जन्मठेप दिली, त्यांत शिपाईही होते. मार्च २०२४मध्ये उच्च न्यायालयाने बहुतेकांची शिक्षा कायम ठेवली.

हुकूम ऐकताच पाय उचलायची सवय ज्याच्या हाडीमाशी भिनवली, त्याच्याकडून कायदा एके दिवशी ‘नाही’ या उत्तराची अपेक्षा करतो. ते उत्तर द्यायचा सराव त्याला कोणी दिलेला असतो का?

हुकमावर चालणाऱ्या या रचनेमागे इतिहास आहे. चार्ल्स नेपियरने १८४३मध्ये सिंधमध्ये पोलीस दल उभारले ते आयर्लंडच्या सशस्त्र दलाच्या धर्तीवर. १८५७च्या उठावानंतर आलेल्या १८६१च्या पोलीस कायद्यातही लोकांना धाकात ठेवण्याचीच दृष्टी होती. स्वातंत्र्यानंतर टाटा समाजविज्ञान संस्थेचे मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली १९७१मध्ये पोलीस प्रशिक्षणावर समिती नेमली गेली. प्रशिक्षणातून ज्ञान आणि कौशल्याबरोबर योग्य वृत्ती घडावी, यावर त्या समितीचा भर होता. अर्धे शतक उलटले, तरी तो मुद्दा जुना झालेला नाही.

शिपायाच्या छातीवरची नावाची पट्टीच पाहा. परेडच्या तपासणीत ती वाकडी असली की बोलणी बसतात. डी. के. बसू खटल्याच्या १९९६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसाठी जे नियम घालून दिले, त्यांतला पहिलाच असा की, अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट वाचता येईल अशी पट्टी हवी. म्हणजे ती पट्टी नागरिकाच्या हक्काची आहे. निर्देशकाने पट्टी सरळ करताना हे एक वाक्य सांगितले, तर कायदा मैदानावरच शिकवून होईल. त्यासाठी वेगळा तास लागत नाही.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचे ३०२ कलम १०३ झाले. आकडे पाठ होतील. पण तिच्याबरोबरच लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार आता झडतीचे दृकश्राव्य चित्रीकरण करावे लागते, आणि हद्दीबाहेरच्या दखलपात्र गुन्ह्याचीही फिर्याद नोंदवून घ्यावी लागते. ही कामे हाताने केल्याशिवाय येत नाहीत. केंद्रात खोटे ठाणे मांडून प्रत्येक प्रशिक्षणार्थीकडून फिर्याद लिहून घ्यावी. कोठडीतल्या आरोपीला ‘दोन ठेवून दे’ असा हुकूम निर्देशकाने मुद्दाम द्यावा, आणि तो अदबीने पण ठामपणे नाकारणाऱ्याला गुण द्यावेत. दीक्षांत संचलनानंतर नवा शिपाई ज्या ठाण्यात जातो, तिथे पहिले सहा महिने त्याला कोणत्या हवालदाराच्या हाताखाली ठेवायचे, हेही प्रशिक्षण केंद्राला विचारूनच ठरावे. ‘इथे असेच चालते’ हा धडा त्याला तिथेच मिळतो, आणि आज तो धडा तपासायला कोणी जात नाही.