पहिल्याचा ढोल, दुसऱ्याचा ठेका

नागपूरच्या जरीपटक्यात वरात कोणाची चालली आहे, हे बँडवरून सांगता येत नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची ही वस्ती. चेटीचंडला इथे ढोल-शहनाईवर छेज नाचतात. इंदोऱ्याकडे थोडं सरकलं की चौदा एप्रिलचा डीजे छातीत घुमतो. या सगळ्या गलक्यात गेली काही वर्षं एक आवाज हमखास मिसळतो, तो म्हणजे 'सिंघम'च्या नावाचा गजर. नवरदेव सिंधी असो की कुणबी, घोड्यावर बसला की त्याला त्या चित्रपटातला बाजीराव व्हायचं असतं आणि बँडवाल्यालाही ते ठाऊक असतं. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या चित्रपटाचं एखादं गाणं मात्र वरातीत वाजताना मी क्वचितच ऐकलं आहे. हा फरक आवडीनिवडीचा नाही, संगीत कसं घडवलं गेलं त्याचा आहे.

'सिंघम' २२ जुलै २०११ रोजी आला. मूळ तमिळ 'सिंगम' त्याच्या एक वर्ष आधीचा, संगीत देवी श्री प्रसाद यांचं. दिग्दर्शक रोहित शेट्टींनी कथा उचलून महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या शिवगडात आणून ठेवली, नायकाला बाजीराव केलं आणि गाणी अजय-अतुल यांच्याकडे सोपवली. 'जोगवा'च्या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेली ही जोडी तेव्हा 'नटरंग'मुळे घराघरांत पोचलेली होती. हिंदी चित्रपटातल्या मराठी फौजदाराला भगवी पार्श्वभूमी आणि दोन-चार मराठी शिव्या पुरल्या असत्या. या दोघांनी त्याला आवाज दिला. शीर्षकगीतात सुखविंदर सिंग आहेत, स्वानंद किरकिरे यांचे शब्द आहेत, पण कानात उरतो तो समूहाने घेतलेला नावाचा पुकारा. नाव लांबवून उचलायचं, शेवटच्या 'म'वर ओठ मिटायचे आणि मिटलेल्या जागेत ढोलाने यायचं. एवढंच. पण एवढ्याने माणूस पडद्यावर येण्याआधीच थिएटरात येऊन उभा राहतो. देवाच्या पालखीपुढचा गजर ज्यांनी लहानपणापासून ऐकला आहे त्यांना हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. जरीपटक्यातल्या पोरांनाही लागलं नाही. झुलेलालच्या मिरवणुकीतही नाव असंच सगळ्यांनी मिळून घेतात.

मग १५ ऑगस्ट २०१४ ला 'सिंघम रिटर्न्स' आला. गाणी वाटून दिली गेली. जीत गांगुली, अंकित तिवारी, यो यो हनी सिंग, ज्याची त्याची वेगळी चूल. प्रेमगीत कॉलर ट्यूनसाठी, नाचाचं गाणं क्लबसाठी. संगीत कंपनीच्या हिशेबात हे शहाणपणाचंच असतं; एक गाणं पडलं तर दुसरं तारतं. पण चार स्वयंपाकी चार पदार्थ करून गेले तर ताट भरतं, त्या घराची म्हणून चव राहत नाही.

सगळ्यात मोठी गफलत 'आता माझी सटकली' या गाण्यात झाली, असं माझं मत. पहिल्या चित्रपटात ते बाजीरावचं वाक्य होतं. हिंदी बोलता बोलता हा माणूस चिडला की मराठीत येतो, आणि मराठीत आला की समोरच्याची धडगत नाही, हे प्रेक्षक शिकला होता. दुसऱ्या भागाने तेच वाक्य घेऊन त्याचं पार्टीगीत केलं. रागाच्या वाक्यावर खुद्द नायक नाचायला लागल्यावर पुढच्या मारामारीत त्या रागाला कोण घाबरणार? हनी सिंग यांचा ठेका वाईट नाही. त्या वर्षी तो सगळीकडे वाजला. पण तो या माणसाचा नाही. कोणत्याही चित्रपटात कोणाच्याही तोंडी तो खपला असता.

आता गंमत पाहा. दोन्ही चित्रपटांत बसून राहिलेला एक संगीतकार आहेच, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. अमर मोहिले. दोन्हींचं पार्श्वसंगीत त्यांचं. राम गोपाल वर्मांच्या 'सरकार' आणि 'सरकार राज'लाही त्यांनीच पार्श्वसंगीत दिलं होतं. आपल्याकडे गाणी करणारा वेगळा आणि पार्श्वसंगीत करणारा वेगळा, ही जुनी रीत. पोस्टरवर नाव पहिल्याचं मोठं. पण चित्रपटाचा पुढचा भाग निघतो तेव्हा आधीच्या भागाची आठवण जपायचं काम पार्श्वसंगीत करणाऱ्याकडे येतं. अजय देवगण चालत येतो, तेव्हा तो जुना गजर लागतो म्हणून तर तो बाजीराव वाटतो. रणवीर सिंगच्या 'सिम्बा'त (२०१८) तो शेवटी पाहुणा म्हणून आला, तेव्हाही शिट्ट्या पडल्या त्या गजरावर.

परदेशातलं एक उदाहरण इथे उपयोगी पडतं. 'द टर्मिनेटर' (१९८४) आणि त्याचा दुसरा भाग (१९९१), दोन्हींचं सगळं संगीत ब्रॅड फिडेल यांचं. पहिल्या वेळी पैसा बेताचा. त्या प्रसिद्ध धातूच्या ठोक्यासाठी त्यांनी चक्क तळणीचा लोखंडी तवा बडवला. दुसऱ्या वेळी खर्चाला हात सैल होता, पण धून तीच ठेवली, फक्त अंगाने भारदस्त केली. पहिल्या भागात मारायला आलेलं यंत्र दुसऱ्यात वाचवायला आलं आहे; त्याच सुरांचा अर्थ आता बदलला. खलनायकाला वेगळा, घसरता, ओशट आवाज दिला. एकाच हातात सगळं असलं की असा विचार करता येतो. आपल्याकडे 'धूम'च्या तिन्ही भागांची गाणी प्रीतम यांनी केली आणि शीर्षकगीताची ओळख शेवटपर्यंत टिकली, तीही त्यामुळेच.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र प्रामाणिकपणे द्यावं लागेल: याने धंद्याला फरक पडतो का? नाही पडत. 'सिंघम रिटर्न्स'ने पहिल्यापेक्षा जास्त कमावलं. १ नोव्हेंबर २०२४ ला, ऐन दिवाळीत, 'सिंघम अगेन' आला तेव्हा पार्श्वसंगीत 'केजीएफ'वाल्या रवी बसरूर यांच्याकडे गेलं. रामायणाचा धागा, संस्कृत वळणाचे समूहस्वर, आणि अक्षय कुमार, दीपिका पदुकोण, टायगर श्रॉफ अशी प्रवेशांची रांग. प्रत्येकाला शिखर हवं, मग दरी ठेवायची कुठे? 'केजीएफ'मध्ये तो गडगडाट शोभला, कारण तिथे एका माणसाची दंतकथा सांगायची होती. इथे शिवगडचा बाजीराव त्या गडगडाटात रांगेतला एक होऊन गेला.

अजय-अतुल दरम्यान नागपुरात येऊन गेले, नागराज मंजुळेंच्या 'झुंड'मध्ये (२०२२). इथल्या वस्त्या, इथली जयंती, इथला डीजे. 'झुंड'चा दुसरा भाग अजून निघालेला नाही, हे बरंच आहे.

या दिवाळीत कुठल्या तरी वाहिनीवर 'सिंघम' लागेलच. लागला तर श्रेयनामावली संपेपर्यंत रिमोटला हात लावू नका. पार्श्वसंगीत या शब्दापुढचं नाव एकदा मोठ्याने वाचा, आणि घरातल्या पोरांनाही वाचायला सांगा.