शब्द कोणाचे?

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकत असताना लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन विद्वानाचे नाव प्रथम कानी पडले. सम्राट कॉन्स्टंटाईनने पश्चिमेकडील साम्राज्याची सत्ता पोप महोदयांना बहाल केली, असे सांगणारे एक दानपत्र कित्येक शतके खरे मानले जात होते. त्यातील लॅटिन भाषा कॉन्स्टंटाईनच्या काळातली नव्हेच, हे व्हाल्लाने १४४० साली दाखवून दिले. रोमन सम्राटाच्या कागदात ‘सत्रप’ हा शब्द कसा आला, असा त्याचा बिनतोड सवाल होता. पुढे हाच व्हाल्ला पोप महोदयांच्या दफ्तरात सेवेला होता. सत्य सांगणारा माणूस ख्रिस्तसभेचा वैरी नसतो, एवढा बोध तरुण वयात मी त्यातून घेतला.

आज या घटनेकडे पाहताना वेगळाच विचार मनात येतो. कुणीतरी आपले शब्द दुसऱ्याच्या मुखी घातले होते. सम्राट तर कधीच मरण पावला होता; त्याचे काही बिघडले नाही. परंतु ज्याच्या मुखी शब्द घातले जातात तो जिवंत असेल, गरीब आणि निरक्षर असेल, तर?

१९४९ साली लंडनमध्ये टिमोथी इव्हान्स या तरुणाची पत्नी आणि तान्ही मुलगी यांचा खून झाला. इव्हान्स मूळचा वेल्सचा. त्याला लिहिणे-वाचणे जवळजवळ येत नव्हते. त्याचे चार जबाब पोलिसांनी नोंदवून घेतले. ते एकमेकांशी जुळत नव्हते. शेवटच्या दोहोंत गुन्ह्याची कबुली होती. न्यायालयात त्याने ती नाकारली आणि त्याच घरात राहणाऱ्या ख्रिस्टी नामक इसमाकडे बोट दाखविले. ख्रिस्टी मात्र सरकार पक्षाचा प्रमुख साक्षीदार होता. मुलीच्या खुनाबद्दल ९ मार्च १९५० रोजी इव्हान्सला फाशी देण्यात आली. त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. तीन वर्षांनी त्याच घरात आणखी स्त्रियांची प्रेते सापडली आणि इव्हान्सच्या पत्नीला आपणच मारल्याचे ख्रिस्टीने कबूल केले. १९६६ साली इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली.

१९६८ मध्ये यान स्वार्टविक या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञाने ते जबाब तपासले. वाक्ये एकमेकांना कशी जोडली आहेत, याची त्याने मोजदाद केली. कबुलीचा भाग आणि उरलेला भाग यांची घडण त्याला भिन्न आढळली. एकीकडे अशिक्षित माणसाची बोली, तर दुसरीकडे सरकारी कागदांत शोभणारी भाषा! या अभ्यासातून ‘फॉरेन्सिक लिंग्विस्टिक्स’ हे नाव रूढ झाले. आपण त्याला न्यायसहायक भाषाविज्ञान म्हणू. मजकूर फारच थोडा असल्याने ठाम निष्कर्ष काढता येत नाही, हेही स्वार्टविकने प्रामाणिकपणे नमूद केले. शास्त्राची ही विनम्रता मला त्याच्या निष्कर्षाइतकीच मोलाची वाटते. कारण भाषेच्या पुराव्यावरून निर्दोष सुटतो, तसा माणूस दोषीही ठरू शकतो. शब्दांची मोजणी संशय निर्माण करील वा दूर करील. न्याय करण्याची जबाबदारी मात्र माणसाचीच राहते.

प्रश्न केवळ पोलिसांचा नाही. ज्याच्या हाती लेखणी आहे अशा प्रत्येकाचा तो आहे. धर्मगुरू या नात्याने मी अनेकांचे अर्ज लिहून दिले. एकदा एका विधवेसाठी मदतीचा अर्ज लिहिला. ‘मी निराधार असून उपासमार सोसत आहे’ असे वाक्य त्यात घातले. हेतू चांगला होता. अशा वाक्याने साहेबांचे मन द्रवते, हा अनुभव होता. अर्ज वाचून दाखविला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “फादर, लिहिलंय चांगलं, पण हे मी कधी बोलले? भाजी विकून मी पोरांना दोन वेळा जेवू घालते.” मी वरमलो. मदत मिळवून देण्याच्या भरात तिच्या कष्टांची प्रतिष्ठाच मी पुसून टाकली होती. ते वाक्य मी खोडले आणि तिने सांगितले तसे लिहिले.

‘खोटी साक्ष देऊ नकोस’ ही आज्ञा आपण शेजाऱ्याविरुद्ध बोलण्यापुरती समजतो. शेजाऱ्याच्या नावाने, त्याच्याच तोंडून, त्याने न उच्चारलेले वदवून घेणे हाही तिचा भंगच होय. मग त्यामागे द्वेष असो वा दया. निरक्षर माणूस कागदावर अंगठा उठवतो तेव्हा तो मजकुरावर नव्हे, लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवत असतो. इव्हान्सच्या शब्दांची शहानिशा झाली, तेव्हा त्याला फाशी जाऊन अठरा वर्षे लोटली होती. लिहिलेले त्याच वेळी त्याला वाचून दाखवून, “हे तुझेच शब्द ना?” असे खऱ्या मनाने विचारायला आणि त्याच्या उत्तरासाठी थांबायला कोणत्याही शास्त्राची गरज नव्हती.