नरो वा कुंजरो वा

दोन वर्षांपूर्वी मी एका माणसाला पुसून टाकले. पोलिसांत नोंद व्हावी असा हा गुन्हा नव्हे. मी चित्रकलेचा शिक्षक. खोडरबर हे माझ्या धंद्यातले हत्यारच. परंतु त्या दिवशी जे खोडले ते पेन्सिलीने काढलेले नव्हते, आणि म्हणूनच ते अजून मनातून खोडले जात नाही.

हकीकत अशी. माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापुरात फोटो स्टुडिओ चालवतो. लग्नसराई संपली की हा गडी कॅमेरा पाठीला मारतो आणि चंदगड-आजऱ्याची वाट धरतो. २००२ साली कर्नाटकातल्या रानांतून हत्ती दोडामार्गात उतरले, आणि पुढच्या दोनेक वर्षांत घाटमाथ्यावर आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकालाही पोहोचले. तेव्हापासून 'टस्कर' हा इंग्रजी शब्द तिकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी असा रुळला आहे, की तो आपला नव्हे हे सांगावे लागते.

तसा कोल्हापूरकराला हत्ती नवा नाही. शाहू महाराजांच्या काळातल्या साठमारीच्या गोष्टी म्हातारी माणसे अजून रंगवून सांगतात. २०२५ च्या जुलैत नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण गुजरातेत नेली, तेव्हा निम्मा जिल्हा घरचे माणूस गेल्यासारखा हळहळला. पण तो अंबारीतला, ओवाळायचा हत्ती. रानातला हत्ती रात्री येतो, त्याला कोणी ओवाळत नाही, आणि तो गेल्यावर सकाळी येतो तो पंचनामा.

तर माझ्या या विद्यार्थ्याने एका पहाटे उसाच्या फडाशी उभा असलेला टस्कर टिपला. पावसाळा सरत आलेला, धुके जमिनीला चिकटलेले, आणि त्या धुक्यातून तो काळा डोंगर वर आलेला. सोंड अर्धी उचललेली, सुळ्यांवर पहिला उजेड. मी ते छायाचित्र पाहिले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. शाळेच्या दिनदर्शिकेसाठी आम्हांला असेच काहीतरी हवे होते.

फक्त चित्रात 'केर' फार होता. आडवा झालेला ऊस होता, मोडून लोंबणारा राखणीचा माळा होता, त्यावरची निळी ताडपत्री होती, विजेचा एक खांब होता, आणि बऱ्याच अंतरावर, डाव्या कोपऱ्यात, बांधावर उकिडवा बसलेला एक माणूस होता. डोक्यावर भिजलेले पोते, हातात विझवलेली बॅटरी. हत्तीकडे तो पाहत होता की आपल्या फडाकडे, हे कळत नव्हते.

आम्ही दोघे संगणकासमोर बसलो. "ती ताडपत्री काढ," मी म्हणालो. ती गेली. मग खांब गेला. मग माळा. आडव्या उसाच्या जागी गवत उगवले. शेवटी मी म्हणालो, "तेवढा माणूस काढ." विद्यार्थी क्षणभर थांबला. "काढू, सर?" "काढ रे, लक्ष उगाच तिकडे जाते." चित्रकलेच्या दृष्टीने माझे म्हणणे बिनचूक होते. माणूस गेला. त्याच्या जागी यंत्राने इतके सुरेख गवत लावले, की तिथे कधी कोणी बसले होते यावर ब्रह्मदेवाचाही विश्वास बसू नये.

दिनदर्शिका निघाली. सगळ्यांनी वाखाणली. एके दिवशी नववीतली एक मुलगी वर्गात त्या पानासमोर उभी राहिली. ती चंदगडकडची, वसतिगृहात राहून शिकणारी. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "सर, ह्याच्या सोंडेत ऊस हाय. मग फड कुठं गेला?"

आम्ही सारे पुसले होते. सोंडेतला ऊस पुसायचा राहिला होता. मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आता आठवत नाही, यावरूनच ते कसे असेल हे वाचकांनी ओळखावे.

त्या दिवसापासून मी स्वतःशी वाद घालतो आहे. माझ्यातला वकील म्हणतो, यात एवढे काय झाले? चित्र म्हणजे निवड. मी मुलांना शिकवतो तेच मुळी काय गाळावे हे. आणि फोटो सजवणे ही तर या कलानगरीची जुनी परंपरा. काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग घालवणारे कारागीर इथल्या स्टुडिओंतून बसत. माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. भिंतीवरच्या फोटोत एकही नाही. आजोबा तो फोटो पाहून म्हणाले होते म्हणे, "बाई देखणी आहे, पण आमची कुठं गेली?" घरात त्यावर सगळे हसले आणि फोटो तसाच राहिला. त्याने कोणाचे बिघडले?

बिघडले नाही, कारण ते व्रण आजीचे होते आणि ते लपवायला तिची संमती होती. बांधावरच्या त्या माणसाला मी विचारले नव्हते. हत्तीला विचारण्याचा तर प्रश्नच नाही.

शिवाय चित्र आणि छायाचित्र यांत एक फरक आहे. मी रंगाने हत्ती काढला तर पाहणारा म्हणतो, 'मास्तरांनी हत्ती असा काढला.' छायाचित्र पाहून तो म्हणतो, 'हत्ती असा होता.' छायाचित्र ही साक्ष असते, आणि साक्षीदाराने भाषा सुंदर वापरली म्हणून त्याला वाक्य गाळण्याची मुभा मिळत नाही. अंधार थोडा उजळणे, धुक्यातला आकार स्पष्ट करणे, हे चष्म्याची काच पुसण्यासारखे आहे. त्याला कोणी खोटे म्हणणार नाही. पण जे होते ते नाही करणे आणि जे नव्हते ते उगवणे, हे काच पुसणे नव्हे.

खोटेपणा संगणकातच असतो असेही नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याचे चित्र पहिले आले. पुढच्या जानेवारीत परीक्षकांनी ते बाद केले. लांडगा रानातला नसून बहुधा शिकवलेला होता, असे त्यांचे मत झाले. चित्रातला प्रश्न पुसण्याचा नव्हताच. प्रश्न होता तो 'रानातला' या शब्दाचा.

आपल्याकडे याच्या उलटही घडते. रानातून हत्ती आला की मोबाइल घेऊन शंभर माणसे धावतात. कोणी दगड मारतो, कोणी फटाके लावतो, आणि जनावर उलटून धावले की तेवढाच तुकडा गावोगाव फिरतो: 'पिसाळलेला हत्ती'. दगड चौकटीबाहेर राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्या प्राण्यांना सर्वांत अधिक संरक्षण दिले त्यांत हत्ती आहे. पण चौकटीच्या कडेने केलेल्या वारावर कायद्याचे काय चालणार?

म्हणजे एकच खोडरबर. त्याने शेतकरी पुसला की हत्ती देव होतो. दगड मारणारा पुसला की तोच हत्ती राक्षस होतो. दोन्ही चित्रे पाहून आपण घरी जेवायला मोकळे. देवाची आपल्याला काळजी नसते, राक्षसाची दया नसते. काळजी आणि दया दोन्ही लागतात त्या जनावराला, ज्याला दिवसाला शे-दीडशे किलो चारा हवा असतो आणि ज्याच्या रानाच्या कडेला आता ऊस, भात आणि नाचणा उभा असतो. मी गवत उगवून त्या हत्तीचे भले केले असे मला वाटले होते. खरे तर, त्याला रान पुरेसे आहे अशी खोटी साक्ष मी दिली होती.

२०१७ साली मुंबईच्या 'सँक्च्युअरी' संस्थेने बिप्लब हाजरा यांच्या एका छायाचित्राला वर्षातले सर्वोत्तम ठरवले. बंगालच्या बांकुडा जिल्ह्यातले ते चित्र आहे. जमावाने फेकलेल्या जळत्या गोळ्यांतून हत्तीण पळते आहे, मागे तिचे पिल्लू आगीत सापडले आहे, आणि पाठीमागे माणसे पळत आहेत. ते भिंतीवर लावावे असे कोणालाही वाटणार नाही. पण त्यात जनावरही आहे आणि माणूसही आहे.

धर्मराजाची गोष्ट आपण सारे जाणतो. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला. द्रोणांनी विचारले तेव्हा युधिष्ठिर 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्याने म्हणाला आणि 'हत्ती' हा शब्द पुटपुटला. शब्द त्याने खोडला नव्हता, नुसता फिका केला होता. तेवढ्याने जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. त्याने कुंजर फिका केला. मी नर पुसला. माझा रथ मुळातच जमिनीवर, त्यामुळे पडण्याचा आवाज झाला नाही इतकेच.

मग कसोटी कोणती? मला एकच सापडली आहे, आणि ती फार सोपी आहे. ज्याला चौकटीबाहेर टाकले त्याच्यासमोर ते चित्र धरता येईल काय? धरता आले तर गाळणे ही कला. हात थरथरला तर ती लबाडी.

गेल्या श्रावणात मी ती कसोटी स्वतःला लावली. विद्यार्थ्याला घेऊन गेलो. दोन्ही छायाचित्रे बरोबर होती, मुळातले आणि आमचे. त्या शेतकऱ्याने आधी मुळातले हातात घेतले. "ह्यो मी व्हय? पावण्यासारखा बसलोय की!" मग बोट आडव्या उसावरून फिरवले. "हे आलंय न्हवं, बास. माळा बांधायला दोन दिस मोडले हुते." मग थोडा थांबून म्हणाला, "जनावर मातर देखणं."

मी दुसरे पुढे केले आणि सांगून टाकले, की यात मी तुम्हांला काढून टाकले होते. त्याने ते पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि तो हसला.

"मास्तर, हत्तीनंबी एकदा काढून बघितलं मला. म्या काय हललो न्हाई."

शाळेत आता मुळातले छायाचित्र लावले आहे, ताडपत्री, खांब आणि माणसासकट. या दिवाळीत आपल्या अंगणात मुले किल्ला करतील, त्यावर मातीची जनावरे मांडतील, मोहरी-अळीव पेरतील. हत्तीला चांगली जागा हवी म्हणून एखादे पोर कडेचा मातीचा शेतकरी उचलू लागले, तर मोठ्यांनी तेवढा त्याचा हात धरावा. किल्ल्यावर जागा कमी असेल, तर दोघांना थोडे जवळजवळ उभे करावे.