पायथ्याचे गाव

सहल ठरली की आपण प्रथम स्थळांची यादी करतो. शहापूर-मुरबाडकडे निघालेल्या मंडळींच्या यादीत बहुधा माहुली, नाणेघाट आणि सिद्धगड असतात. गावांची नावे क्वचितच येतात. आलीच तर ‘पायथ्याचे गाव’ म्हणून. तेथे वाहन ठेवायचे, वाटाड्या शोधायचा आणि निघायचे! जेथे माणसे राहतात तो केवळ पायथा, आणि जेथे कोणी राहत नाही ते प्रेक्षणीय, ही विभागणी आपण केव्हा मान्य केली?

नाणेघाटाचेच पाहा. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे मागे टाकून घाट चढला की सातवाहनांचे लेणे लागते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील ब्राह्मी शिलालेखात राणी नागनिकेच्या घराण्याने केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा नोंदल्या आहेत. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सारे आकड्यांनिशी. जवळच दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांची जकात त्यात पडे, अशी समजूत आहे. दान कोणी दिले ते भिंतीवर कोरले गेले. सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल ज्यांनी हा घाट चढवून जुन्नरकडे नेला, त्या ओझेकऱ्यांचे नाव मात्र कोठेही नाही. आम्हीदेखील अक्षरे न्याहाळली, रांजणात डोकावलो. ओझेकरी आठवले ते घरी परतल्यावर.

माहुलीवर इ.स. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांनी शहाजीराजांना वेढले व निजामशाही संपली. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. मुलांना हे दाखवलेच पाहिजे, त्याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा प्रश्न आपल्या पाहण्याविषयी आहे. ज्याच्या अंगणातून आपण जातो, त्याच्याकडे न पाहता त्याच्या डोंगराकडे पाहणे, याला भेट म्हणावे काय?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकात सापडला नाही. एका एप्रिलमध्ये माहुली पाहून येताना शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर आम्ही पाणी मागितले. एका मावशींनी हंड्यातून तांब्या भरून दिला. आम्ही प्यायलो आणि उरलेल्या पाण्याने, सवयीप्रमाणे, पायांवरची धूळ धुतली. मावशी काही बोलल्या नाहीत. ते पाणी टँकरचे होते, हे पुढे रस्त्यावर आल्यावर कळले. मुंबईची तहान भागवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय याच तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जात आहे.

तांब्या परत देताना आम्ही मावशींचे नावही विचारले नव्हते.