अपरिग्रह आणि रांगेतला न्याय

अपरिग्रह म्हणजे गरजेपलीकडे काही साठवून न ठेवणे. पातंजल योगसूत्रांत तो पाच यमांपैकी एक आहे आणि जैन परंपरेत पाचवे महाव्रत. हे व्रत बहुधा साधकाच्या चित्तशुद्धीसाठी सांगितले जाते. एकाच्या साठ्यामुळे ज्याचा खोळंबा होतो, त्या दुसऱ्याच्या बाजूने मात्र त्याचा विचार क्वचितच होतो. असा विचार करायचा तर इंटरनेटच्या राउटरमधील रांग हे चांगले उदाहरण आहे, कारण तेथे साठ्याने होणारी हानी मोजता येते.

इंटरनेटवर आवाज, चित्र वा मजकूर पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत पाठवला जातो, आणि पुढची वाट भरलेली असली की राउटर ही पॅकेटे बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, रांगेने ठेवतो. मेमरी स्वस्त झाली तसे बफर मोठे होत गेले. एकही पॅकेट टाकून द्यावे लागू नये, हा त्यामागचा सद्हेतू होता. परंतु सेकंदाला 50 लाख बिट वाहून नेणाऱ्या जोडणीवर एखाद्याने मोठी फाइल चढवायला घेतली आणि 10 लाख बाइटचा बफर भरून गेला, तर त्यामागे आलेल्या प्रत्येक पॅकेटला 1.6 सेकंद ताटकळावे लागते, मग ते शेजारच्या खोलीतून बोलणाऱ्याच्या आवाजाचे जेमतेम 200 बाइटचे पॅकेट का असेना. या दोषाला जिम गेटिस यांनी ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. येथे अपरिग्रहाचा संबंध सत्याशी येतो, कारण पाठवणारा संगणक सामान्यतः पॅकेट गहाळ झाल्यावरच वाट तुंबल्याचे ओळखून वेग कमी करतो, आणि काहीच न टाकणारा राउटर ही वस्तुस्थिती त्याच्यापासून लपवून ठेवतो. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये मांडलेली ‘कोडेल’ ही पद्धत रांगेची लांबी न मोजता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते मोजते, आणि हा विलंब सलग 100 मिलिसेकंद 5 मिलिसेकंदांच्या वर राहिला की पॅकेटे टाकू लागते. हा त्याग वेळेवर केलेला असतो, म्हणूनच तो हितकर ठरतो.

यापुढचा प्रश्न न्यायाचा आहे आणि तो अधिक कठीण आहे. आधी येईल त्याला आधी, हा नियम निःपक्षपाती दिसतो, पण जो अधिक पॅकेटे ओततो त्यालाच तो अधिक वाटा देतो. म्हणून जॉन नेगल यांनी 1985 मध्ये प्रत्येकाची रांग वेगळी ठेवून पाळीपाळीने पॅकेट सोडण्याची पद्धत सुचवली. पण ‘प्रत्येक’ म्हणजे कोण? प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे दोन प्रोग्रामांमधील प्रत्येक जोडणीला, समान वाटा दिला, तर तीस जोडण्या उघडणाऱ्याला तीस वाटे मिळतात आणि एक उघडणाऱ्याला एकच. बॉब ब्रिस्को यांनी 2007 च्या लेखात या प्रवाह-समतेला शीर्षकातच ‘धर्म’ म्हटले आणि ती मोडून काढण्याची गरज प्रतिपादन केली. एकाचा वापर इतरांना किती भोवतो, हे पाहावे असा त्यांचा आग्रह होता. तो रास्त आहे, कारण हक्कदार कोण हे ठरल्याशिवाय समान वाटणीला अर्थच येत नाही. ‘केक’ ही नंतरची पद्धत आधी यंत्रांच्या पत्त्यांनुसार आणि मग त्यांच्या प्रवाहांत वाटणी करते. तरीही एका माणसाजवळ तीन यंत्रे असली, तर तीनही चालू असताना त्याला तीन वाटे मिळतात.