मिठाचे ऋण

पाहुणचार हा सद्गुण आहे, याविषयी सहसा दुमत नसते. परंतु पाहुणचाराने यजमान मोठा होतो तेव्हा पाहुण्याचे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. भिलाईच्या इतिहासात त्या प्रश्नाला एक अनपेक्षित संदर्भ सापडतो.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोविएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सोविएत तंत्रज्ञ भिलाईत येऊन राहिले. भारतीय अभियंते प्रशिक्षणासाठी सोविएत कारखान्यांत गेले. करारातील कर्जाला अडीच टक्के व्याज होते आणि फेडीची मुदत बारा वर्षांची होती. पैशाच्या ऋणाला असा शेवट असतो. अशा येण्याजाण्यातून जो घरोबा जुळतो, क्वचित सोयरीकही होते, त्याच्या ऋणाला मात्र हप्ता नसतो आणि म्हणून मुदतही नसते.

अशी सोयरीक झालेले एखादे मराठी कुटुंब भिलाईहून रशियातल्या लहानशा गावी व्याह्यांकडे गेले, अशी कल्पना करावी. रशियन परंपरेत सन्माननीय पाहुण्याचे स्वागत पाव आणि मीठ पुढे करून होते. आतिथ्याला त्या भाषेत असलेला ‘ख्लेबोसोल्स्त्वो’ हा शब्द याच दोन पदार्थांच्या नावांवरून बनला आहे. मग परसातले बटाटे, खारवलेल्या काकड्या, आंबवलेली कोबी, रानातून वेचून आणलेली आळंबी असे सारे मेजावर येते. घर निवृत्तिवेतनावर चालणारे असेल, तर पाहुण्याला उमगते की आपल्यापुढे मांडली आहे ती यजमानांची हिवाळ्याची बेगमी. नको म्हणावे तर प्रेमाचा अव्हेर, खावे तर त्यांच्या गरजेचा घास. मराठी पंगतीतला आग्रह त्याच्या परिचयाचा असतो. तरी संकोच टळत नाही. खाल्ल्या मिठाला जागावे, असे शिकवणाऱ्या भाषेत तो वाढलेला असतो.

देण्यामागे अट असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण उलट दिशेच्या प्रवासात मिळते. त्वेर नगराचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात चौलमार्गे जुन्नरला आला. तेथील असदखानाने त्याचा घोडा ताब्यात घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार सुवर्णनाणी, असे सांगितले. अखेर एका खोरासानी मुसलमान गृहस्थाने रदबदली केली आणि निकितिनला घोडाही मिळाला, धर्मही राखता आला. खानाचे देणे मोठे होते; पण पाहुण्याला पाहुणा म्हणून राहू न देणारे होते. खोरासानी गृहस्थाने काही मागितले नाही.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अतिथीला देव मानण्याची आज्ञा आहे, ती सर्वांना ठाऊक असते. द्यायचे ते लाजत द्यावे, हे त्याच अनुवाकात सांगितलेले मात्र विसरले जाते. दात्याने लाजायचे कशासाठी? घेणाऱ्याला आपल्यामुळे लहान व्हावे लागते, याची जाणीव ठेवण्यासाठी. पाहुण्यानेही तत्काळ परतफेडीची घाई करू नये. तसे केल्याने आतिथ्याचा सौदा होतो. पाहुणी आलेली विहीण पदर खोचून स्वयंपाकघरात गेली आणि यजमानीणबाईंनी भाषेवाचून तिला ओट्यापाशी जागा करून दिली, तर मिठाचे ऋण तसेच राहते. पण ते वाहताना मान खाली घालावी लागत नाही.