विचारलं, की भरलं?

वयाची ३० ओलांडलेल्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका मोजणारी प्रश्नावली, आम्ही आशा कार्यकर्त्या भरतो. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर. गुणांची बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी न्यायचं. पूर्वी हे कागदावर होतं, आता मोबाईलवर. कागदाचे गोडवे मी गाणार नाही. गठ्ठे कपाटात पडून राहत आणि बीपीचा माणूस शेतातच राही. ऑनलाइन नोंदीमुळे कुणाची तपासणी राहिली ते वरपर्यंत दिसतं, आणि ते मला मनापासून हवं आहे.

तरी आखाडा बाळापुरात दारोदार फिरताना मन विचारतं, तू विचारतेस की नुसतं भरतेस?

व्यायामाचंच घ्या. फॉर्म विचारतो, आठवड्याला किमान १५० मिनिटं होतो का? हळदीत दिवसभर खुरपणारी बाई म्हणते, "व्यायाम? कुठला गं बाई!" लगेच ‘नाही’वर बोट ठेवलं, तर तिच्या नावावर एक गुण चढतो आणि तिचे कष्ट नोंदीतून पुसले जातात. "मावशी, दिवसभर काय काय करता?" असं विचारलं की खरं उत्तर येतं. तेवढं थांबणं माझ्याच हातात आहे.

मिशरीचं त्याहून अवघड. सून समोर असताना सासू "कधीच नाही" म्हणते, आणि काळे दात मला दिसतात. दिसलं ते लिहू, की सांगितलं ते? तिच्या तोंडचं उत्तर बदलायचा हक्क मला नाही. पण तिला एकांत मिळवून देणं माझं काम आहे, कारण तोंडाच्या कर्करोगाची तपासणी याच तपासणी कार्यक्रमात होते. त्या एका उत्तरावर तिचा जीव अवलंबून असू शकतो.

आणि ओटीपी. आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर काढताना ओटीपी कितीदा तरी नवऱ्याच्या नाहीतर पुण्याला असलेल्या मुलाच्या मोबाईलवर जातो. बाईने मला अंगावरून पांढरं जाण्याचं सांगितलेलं असतं. ही माहिती कुठे जाते, कोण पाहू शकतं, हे तिला समजेल असं सांगितल्याशिवाय अंक मागणं मला पटत नाही. "वरून आलंय, द्या" एवढ्यावर मिळालेला होकार मी होकार मानत नाही.

म्हणून मी मोबाईल पिशवीत ठेवून बोलायला लागते. मग तिच्यासमोरच, एकेक उत्तर वाचून दाखवत भरते. घरं कमी होतात. बैठकीत माझा आकडा मागे पडला की वाटतं, उद्यापासून भराभर उरकावं. ते वाटणं अजून गेलेलं नाही.